कल्याणची खाडी ते मालवणचा पद्मगड : जहाजे बांधणाऱ्यांच्या मागावर

शुक्रवार : एकसर, कल्याण

मराठी आरमाराचा विषय निघाला की सरखेल, सुभेदार, दर्यासारंग अशी नावे आपल्या तोंडून धडाधड बाहेर पडतात. ती जहाजे बांधली कोणी, असे विचारले की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. हा प्रश्न माझ्या मामांचा. त्यांची नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. त्यामुळे ज्या माणसाचे हात काळे होतात त्याचे नाव कुठे लिहिले जात नाही, हे त्यांना पुस्तक न वाचता ठाऊक आहे. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताशी वेळ आला, माझ्या हातात त्यांची गाडी आली, आणि आम्ही खाडी-खाडीने दक्षिणेला निघालो.

सुरुवात बोरिवलीपासून केली. पश्चिमेला एकसर गावात वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. चहूबाजूंनी इमारती, दुचाक्या, वाळत घातलेले कपडे, आणि मध्ये हे माणसाहून उंच दगड. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या सुमारास समुद्रावर लढाई झाली, तिच्याशी इतिहासकार यांचा संबंध जोडतात. यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने सोमेश्वराच्या शेवटाबद्दल लिहून ठेवले आहे की महादेवाच्या कोपापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला. म्हणजे राजा बुडाला. दरबारातली माणसे बुडण्यालासुद्धा अलंकार चढवतात.

आम्हांला हवी होती ती दगडावरची जहाजे. टोके वर उचललेली, मधोमध डोलकाठी, कडेने वल्ह्यांची रांग. मामा उकिडवे बसून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "अरे, सगळी वल्ही एका कोनात आहेत बघ. ज्याने हे कोरलं त्याने जहाज जवळून पाहिलंय." म्हणजे मराठी आरमाराच्या चारशे वर्षे आधी या किनाऱ्यावर लढाऊ जहाजे होती, अर्थात ती बांधणारी माणसेही होती. शिवाजी महाराजांच्या काळात कोकणात जहाजबांधणी जणू आभाळातून पडली, असे समजायचे कारण नाही.

दुपारी कल्याण. दुर्गाडीच्या बुरुजावरून उल्हास नदीची खाडी दिसते, आणि पुलावरून अखंड जाणारी वाहने. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि पुढच्या दोनेक वर्षांत इथे जहाजे बांधायला घेतली गेली. जागा विचित्रच. समुद्र लांब, आणि बाहेर पडायच्या वाटेवर वसईला पोर्तुगीज बसलेले. तरी हीच जागा का, ते नकाशा उघडला की समजते. मागे मुरबाड-शहापूरकडची जंगले, तिथले साग पाण्यावरून खाली आणता येत होते. खाडी आत असल्यामुळे शत्रूच्या जहाजाला थेट गोदीवर येता येत नव्हते. आणि कल्याण हे जुने बंदर, म्हणजे होड्या बांधणारे सुतार गावातच होते.

इथेच या सगळ्या गोष्टीत पहिल्यांदा दोन कारागिरांची नावे मिळतात, आणि तीही पोर्तुगीज. रुई लैतांव व्हियेगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव. १६५९ मध्ये हे दोघे महाराजांच्या जहाजांचे काम बघत होते. जहाजे दंडा-राजपुरीच्या सिद्दीविरुद्ध आहेत असे सांगितले गेले होते, पण उद्या हीच आपल्यावर उलटतील ही धास्ती वसईकर पोर्तुगीजांना होती. त्यांनी व्हियेगसला गाठून समजावले, आणि हा उस्ताद आपल्याबरोबरची सुमारे ३४० माणसे घेऊन काम अर्धवट टाकून निघून गेला.

"कंत्राटदार पळाला," मामा म्हणाले. "मग काम पुरं कोणी केलं?"

पुरे तर झाले. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः मालवणहून कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या बसरूरच्या स्वारीला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर ८५ लढाऊ गलबते आणि तीन मोठी जहाजे होती, अशी कारवारच्या इंग्रज वखारीतली नोंद आहे. उस्ताद गेल्यानंतर सहा वर्षांच्या आत हे घडले. इतकी जहाजे शिकाऊ हातांनी उतरत नाहीत.

शनिवार : थळ

महामार्गाबद्दल काही लिहायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. पेणला थांबून पोहे खाल्ले आणि अलिबागच्या अलीकडे थळच्या किनाऱ्यावर गेलो. समोर खांदेरी आणि उंदेरी, दोन बेटे, जवळजवळ एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात.

१६७९ च्या पावसाळ्यात माय नाईक भंडाऱ्याने खांदेरीवर माणसे उतरवून तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडावरच हे बेट. इंग्रजांनी ते अडवायला जहाजे पाठवली. १८ ऑक्टोबरच्या लढाईत त्यांचे 'डोव्हर' नावाचे गुराब, म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज, मराठ्यांनी पकडले. 'रिव्हेंज' मात्र पुरून उरले आणि त्याने मराठी आरमाराचा सुभेदार दौलतखान याच्या गलबतांना नागोठण्याच्या खाडीकडे पिटाळले. हा भाग आपल्याकडे सांगताना हळूच गाळतात. पण त्याने फरक पडला नाही, कारण रात्री वारा पडला की हीच लहान गलबते वल्ह्यांवर बेटाकडे सरकायची आणि चुना, दगड, धान्य उतरवून उजाडायच्या आत परत जायची. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्याची वाट बघत उभी. शेवटी त्यांनी नाद सोडला, खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

मामांनी किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराला तिथले पाणी किती खोल म्हणून विचारले. त्याने हाताने दाखवले, इथे खडक, तिथे खडक, मध्ये वाट, ओहोटीला मोठी बोट आणायची नाही. झाले, मामांना हवे ते मिळाले. ज्या सुताराने उथळ तळाची, रुंद पोटाची गलबते बांधली त्याने हे पाणी ओळखून बांधली होती. युरोपातले आराखडे त्याला दिले असते तर ती जहाजे याच खडकांवर बसली असती.

रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभाराच्या रीती सांगणाऱ्या आपल्या ग्रंथात, नेमके हेच लिहिले : गुराबे फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीत, आणि वाऱ्यावाचून कामाची नसलेली मोठी जहाजे करायचे प्रयोजन नाही. हे वाक्य कोण्या मुत्सद्द्याला आसनावर बसून सुचलेले वाटत नाही. त्याच्यामागे कोणी तांडेल आणि कोणी सुतार उभा असणार.

रविवार : हर्णै, दाभोळ

लांबचा पल्ला, त्यामुळे थोडक्यात. हर्णैला सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरूनच पाहिला. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. मासळीचा लिलाव सुरू व्हायचा होता आणि बंदरात नुसती पळापळ. गोदीबिदीचा विषय काढला तर लोक हातातली टोपली दाखवून "बाजूला व्हा" म्हणतात. आम्ही झालो.

दाभोळला फेरीबोटीची वाट बघत चहा घेतला. या बंदराला १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने जाळले, त्याच्या आधी हे बहामनी काळातले मातब्बर बंदर. बंदर जळाले की गोदाम, माल, घरे यांचा हिशेब कुठेतरी येतो. किनाऱ्यावर ओंडक्यांना टेकू देऊन उभी केलेली अर्धी जहाजे आणि लाकडाच्या राशीही जळत असणार. पण ते कोणी मोजत नाही.

धोपाव्याला उतरलो, गुहागरवरून तवसाळ, तिथून पुन्हा फेरीबोट, आणि अंधार पडायला जयगड. जेवणात बांगड्याचे तिखले. मामांनी दोन वेळा भात मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आठपर्यंत उठले नाहीत.

सोमवार : जयगडची खाडी

या दिवसासाठी मी मुख्यतः आलो होतो. खाडीत आत, आंब्यांच्या सावलीत, एक मासेमारी नौका बांधली जात होती. ना शेड, ना फाटक, ना पाटी. जमिनीवर ओंडके आडवे टाकलेले, त्यावर नौकेचा कणा, आणि कण्यातून दोन्ही बाजूंना वर आलेल्या फासळ्या. खालच्या अंगाने फळ्या चढल्या होत्या, वरचे अंग अजून उघडे.

मिस्त्री रत्नागिरीच्या राजिवड्याचे. वयस्कर, कानाला पेन्सिल, डोक्यावर जाळीची टोपी. मामांनी आपली ओळख 'जहाजावर होतो' अशी करून दिल्यावर त्यांनी उलटा ओंडका सरकवून बसायला दिला.

"चाचा, नकाशा कुठंय याचा?" मी विचारले.

"नकाशा काढला तर लाकूड तसंच मिळायला पायजे ना," ते म्हणाले. "आधी लाकूड बघतो, मग बोट."

ते बोलून थांबले नाहीत, उठून दाखवायला लागले. फासळीला वाकडे लाकूड लागते. सरळ फळी कापून वाक काढला तर रेषा आडव्या तुटतात आणि लाटेच्या मारात ती तिथेच फुटते. म्हणून मुळातच वाकडा वाढलेला बाभळीचा किंवा तसलाच फाटा शोधायचा, आणि त्याचा वाक नौकेच्या कुठल्या भागाला बसतो ते नजरेने ठरवायचे. बाजूला असे पंधरा-वीस फाटे पडले होते. माझ्या लेखी जळाऊ लाकूड. चाचा मात्र प्रत्येकाकडे बोट दाखवून सांगत होते, हा नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाला, हा मधल्या पोटाला, हा कुठेच नाही पण ठेवला आहे. नौकेचा आकार पाच-सहा ठिकाणच्या फासळ्या उभ्या करून, त्यांवरून सूत ताणून नक्की होतो. मग मधल्या फासळ्या त्या सुताला भेटतील अशा तासायच्या.

फळी चढवायचे काम दुपारी झाले. जाड फळी दोन टेकूंवर ठेवून खालून जाळ, वरून पाण्याचा मारा, आणि एका टोकाला दगड बांधलेले. लाकूड हळूहळू मऊ होऊन वाकते. कधी उचलायचे हे चाचा हात लावून ठरवतात. उचलली की चौघांनी धावत नेऊन फासळ्यांवर दाबायची, शिकंजे आवळायचे, मग भोके आणि खिळे. या सगळ्याला दोनेक मिनिटे. तेवढ्यात कोणी कोणाशी बोलले नाही. फक्त चाचांचे "दाब, दाब, धर" एवढेच.

पलीकडच्या बाजूला एक तरुण पोरगा फटी भरत होता. कापसाची सैल वात फटीवर धरायची, बोथट पात्याची छिन्नी टेकवायची, आणि लाकडी हातोडीने ठोकत पुढे जायचे. एक थर, दुसरा थर. मला वाटले होते की वात दिसेनाशी झाली की काम झाले. मामांनी खांद्यावर हात ठेवून "ऐक" म्हटले. पहिल्या थराला आवाज बद्द येतो. फट भरत आली की तो चढत जातो आणि शेवटी खणखणीत होतो. पोरगा मान वर न करता, आवाजावरूनच पुढच्या हातावर सरकत होता. पूर्वी यावर राळ आणि तेल यांचा लेप द्यायचे, आता बाजारातले मिश्रण, आणि हल्ली पुष्कळदा सगळ्या अंगावर फायबरचे आवरण.

आज्ञापत्रातला झाडांचा मजकूर मी चाचांना माझ्या शब्दांत सांगितला. आरमाराला तख्ते, सोट, डोलकाठ्या यांसाठी मोठे लाकूड लागते. सागवान वगैरे रानातले, ते हुजूरच्या परवानगीने तोडावे. आंबा-फणसाचे लाकूडही कामाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे.

चाचांनी नीट ऐकून घेतले. "बरोबर आहे," म्हणाले, "पण आंबा पाण्याखाली जास्त टिकत नाय. लोकांचा आंबा तोडून शिव्या खायच्या, आणि बोट पण कुजायची."

आज्ञापत्रावर मी बरेच काही वाचले आहे, त्यात पर्यावरणापासून रयतेच्या कल्याणापर्यंत सगळे येते. हा मुद्दा त्यात कधी सापडला नव्हता.

चाचांचे वडील हेच काम करायचे, आजोबाही. त्यांच्या हाताखालच्या माणसांत एक हिंदू सुतार, दोन दालदी म्हणजे मुसलमान मच्छीमार, एक कारवारकडचा. कोणाकडेही लिहिलेला कागद नाही. मापे बोलतात ती हातात आणि मुठीत. सगळी विद्या एका पिढीच्या डोळ्यांतून दुसरीच्या डोळ्यांत गेली, त्यामुळे इतिहासाच्या दप्तरात तिची पावती नाही.

मंगळवार : खारेपाटण, गिर्ये, विजयदुर्ग

खारेपाटणला आज बंदर म्हटले तर लोक हसतील. महामार्गावरचे गाव, शांत नदी. पण ही वाघोटनची खाडी थेट विजयदुर्गापर्यंत जाते, आणि इथे सापडलेले दोन शिलाहार ताम्रपट आमच्या विषयाचे सर्वांत जुने कागद म्हणावे लागतील. पहिला १००८ चा, रट्टराजाचा. त्यात मठाला दिलेल्या दानात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण, म्हणजे सोन्याचे नाणे, नेमून दिला आहे. दुसरा अनंतदेवाचा, १०९५ च्या सुमाराचा. त्याने भाभण श्रेष्ठी आणि धणम श्रेष्ठी या दोघा भावांच्या जहाजांना ठाणे, नागपूर म्हणजे किनाऱ्यावरचे जुने नागाव, सोपारा आणि चौल या बंदरांवर जकात माफ केली.

मालक कोण, ते तांब्यावर कोरलेले आहे. हजार वर्षांनंतर आपण त्यांची नावे घेतो.

तरळ्यावरून विजयदुर्गचा रस्ता धरला. गिर्ये गावात रामेश्वराचे देऊळ आहे, जांभा खोदून काढलेल्या खोल वाटेतून त्यात उतरावे लागते. देवळात घंटा पाहिली, ती पोर्तुगीज जहाजावरची, असे गावात सांगतात. तिथून पुढे खाडीच्या बाजूला आरमाराची गोदी.

पहिल्या नजरेत काहीच वाटत नाही. मोठा चौकोनी खड्डा, कडेला खडक आणि दगडी बांध, तळाला गाळ, खारफुटीची रोपे. गाडी लावून चालायला लागलो तेव्हा अंदाज आला. सुमारे १०९ मीटर लांब, ७० मीटर रुंद, काही खडकात खोदलेली, काही बांधून काढलेली, तोंड उत्तरेला खाडीकडे. मामा एका कडेने चालत गेले आणि पलीकडे पोचले तेव्हा मला ते अंगठ्याएवढे दिसत होते. "चारपाचशे टनी जहाज इथे बांधत असत," मी ओरडून सांगितले. त्यांनी हात हलवला, पण ऐकू गेले असेल असे वाटत नाही.

इथे चाकांचा, यंत्रांचा पत्ता नव्हता. काम करायची ती भरती-ओहोटी. उधाणाच्या भरतीला दोन-अडीच मीटर पाणी चढते, तेव्हा जहाज आत घ्यायचे, टेकू लावायचे. ओहोटी लागली की ते आपोआप कोरड्यावर बसते. तळाला चिकटलेले कालव-शिंपले तासा, सडलेली फळी बदला, फटी पुन्हा भरा. पुढच्या उधाणाला बाहेर. म्हणजे इथल्या सुताराचे पंचांग अमावास्या-पौर्णिमेला बांधलेले. काम लांबले तर पुढच्या उधाणापर्यंत जहाज अडकून पडले. पावसाळ्यात सगळे आरमार किनाऱ्यावर ओढलेले असते, तेव्हा मोठी डागडुजी. नवी बांधणी कोरड्या महिन्यांत.

तोंड उत्तरेला का? नैर्ऋत्येचा वारा आणि लाटा मागच्या टेकडीवर अडतात, म्हणून. जागाही अशी की समुद्रावरून येणाऱ्याला किल्ला दिसतो, गोदी दिसत नाही.

आंग्र्यांच्या गुराबांचे वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने केले आहे, आणि शत्रूच्या तोंडचे म्हणून ते मला जास्त भरवशाचे वाटते. गुराब दीडशे ते तीनशे टनांचे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, लांबीच्या मानाने खूप रुंद, पाणी फार न ओढणारे. नाळ पुढे लांब आणि खाली झुकलेली, तिच्यावरून रोखलेल्या दोन मोठ्या तोफा. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबाला दोर बांधून ओढत नेत. सावज टप्प्यात आले की आधी त्याच्या डोलकाठ्या आणि शिडे तोफांनी तोडायची, मग चहूबाजूंनी जाऊन चढायचे. हे वाचताना नाळेची रचना डोळ्यांसमोर आणली की कळते, लढायची रीत आधी ठरली आणि जहाज तिला बेतून शिवले.

संध्याकाळी विजयदुर्गाच्या तटावर गेलो. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह तुळाजीवर इथे आरमार घेऊन आले, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. आपल्याच आरमाराचा एक मोठा भाग बुडवायला नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना बोलावले, हे मला अजून पचत नाही. तुळाजीने पेशव्यांना छळले होते हे मान्य करूनही. कंपनीचे पूर्वी पकडलेले 'रिस्टोरेशन' नावाचे जहाज पेटले आणि त्याच्यावरून आग एकमेकांना खेटून बांधलेल्या साऱ्या आरमारात पसरली. त्यात बांधणीवर असलेली दोन जहाजेही गेली. एकावर ४० तोफा बसायच्या होत्या.

ही बांधणीवरची दोन जहाजे माझ्या डोक्यातून जाईनात. फासळ्या उभ्या, फळ्या अर्ध्या, कुठेतरी वात ठोकणारा पोरगा.

गोदी मात्र संपली नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पुण्यात तह होऊन किल्ला पेशव्यांना मिळाला, बाणकोट इंग्रजांना. पुढे आनंदराव धुळपांच्या हाताखाली विजयदुर्गला आरमार पुन्हा उभे राहिले, आणि १७८३ च्या एप्रिलात त्याने रत्नागिरीजवळ इंग्रजांचे 'रेंजर' पकडले. जळालेल्या आरमारानंतर सत्तावीस वर्षांनी. सुभेदार बदलला, निशाण बदलले, हाताखालचे सुतार मात्र याच खाडीकाठचे.

रात्री खानावळीत मामांनी मुंबईचा विषय काढला. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आला, त्याच्या घराण्यातल्या एकूणएक बांधणीदारांची नावे आपल्याला माहीत आहेत. १८१७ मध्ये त्यांनी मुंबईत बांधलेले 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. विजयदुर्ग तिथून एका-दोन दिवसांच्या वाऱ्यावर, काळही तोच. मग इथले एकही नाव का नाही?

माझे उत्तर साधे आहे. कंपनी फळीफळीचा हिशेब लिहायची आणि तो लंडनला पाठवायची. तिच्या वह्या राहिल्या, वह्यांत वाडिया राहिले. इथल्या दप्तरात लाकूड, दोर, पगार अशा रकमा आल्या तरी हात कोणाचा हे लिहायची पद्धत नव्हती. मामांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे, इथे कोणी विचारलेच नाही. विचारले असते तर १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेल्यावरही त्या सुतारांची मुले-नातवंडे खाडीत फत्तेमाऱ्या आणि मचवे बांधत होती, त्यांनी सांगितले असते. वाद तसाच ठेवून झोपलो.

बुधवार : मालवण

मोरयाच्या धोंड्याला नमस्कार करून दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगड पाहिला. सिंधुदुर्गाला होड्या भरभरून जातात, पद्मगडाकडे कोणी फिरकत नाही. ओहोटीला जवळजवळ चालत जाता येते. पडझड झालेला लहानसा कोट, वेताळाचे देऊळ. इथे आरमाराची जहाजे बांधत आणि दुरुस्त करत, असे मालवणात पिढ्यान् पिढ्या सांगतात. जागा बघितली तर पटते : समोर सिंधुदुर्गाची आड, पाणी उथळ, तळ वाळूचा, जहाज ओढायला सोयीचा. उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या तोंडावर सर्जेकोट, तिथे पावसाळ्यात जहाजे आत घ्यायची. बसरूरला गेलेली ८८ जहाजे इथूनच निघाली. सिंधुदुर्गाचे काम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झाले होते, त्यामुळे त्या हिवाळ्यात या किनाऱ्यावर पाथरवट आणि सुतार यांची नुसती जत्रा असेल.

परत येताना माडांत एक रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, जुनी होडी पालथी घातलेली दिसली. खिळा एकही नाही. फळीला फळी काथ्याने शिवलेली. इथल्या मच्छीमार गाबितांपैकी एक वृद्ध गृहस्थ तिच्याजवळ बसून काथ्या वळत होते. आम्ही घुटमळतोय हे बघून म्हणाले, "वायच बसा."

दोन्ही फळ्यांच्या कडेने ओळीत भोके, साधारण चार बोटांवर एक. आतल्या बाजूने सांध्यावर सुक्या गवताची जाड वळी ठेवलेली, आणि काथ्या तिच्यावरून फुल्या घेत भोकांतून आरपार. वळी दाबली गेल्यामुळे पाणी अडते. भोके लेपाने बंद केलेली, वरून सगळ्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल, काळे, हाताला लागले तर कातडी सोलते. मी बोट लावणार होतो, त्यांनी काठीने माझा हात बाजूला केला.

या किनाऱ्यावरची ही फार जुनी रीत, खिळ्यांच्या आधीची. रापणीची होडी लाटेबरोबर येऊन वाळूवर आपटते, दिवसात कितीदा तरी. "खिळ्याची होडी आपाटली की फुटता," ते म्हणाले, "ही वाकता." पण वाकणाऱ्या होडीवर तोफ ठेवता येत नाही. तोफ उडाली की मागे धक्का देते, आणि काथ्याचे टाके सैल पडतात. मला वाटते लढाऊ जहाजांत खिळे आले ते त्यासाठी. पोर्तुगीजांकडून आमचे सुतार जे काही शिकले असतील ते बहुधा एवढेच : लोखंड कुठे मारायचे. लाकडाची पारख, पाण्याची खोली, वाकाची नजर त्यांच्याकडे आधीपासून होती. म्हणून व्हियेगस गेला तरी काम अडले नाही.

हा सिद्धान्त मी मामांना मोठ्या उत्साहाने सांगितला. त्यांचे लक्ष नव्हते. ते होडीच्या मागच्या टोकाशी वाकून, टाके बोटाने दाबून बघत होते, आणि मग त्या गृहस्थांना समजावू लागले की याला इंजिन लावले तर थरथरीने आठ दिवसांत सगळी शिवण उसवेल, सांध्यांना निदान बोल्ट तरी मारायला हवेत.

गृहस्थांनी काथ्या वळायचा थांबवला, मामांकडे खालपासून वरपर्यंत पाहिले आणि विचारले, "इंजान लावूक तुमका सांगल्यान कोणी?"